बेळगाव परिसरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना खुले पत्र: यंदाचा एक प्रोजेक्ट फाइल मॅनेजरसाठी द्या

प्रति,
कॉम्प्युटर सायन्स विभागप्रमुख, प्रोजेक्ट गाइड आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी,
बेळगाव, निपाणी व चिकोडी परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालये

आदरणीय सर, मॅडम आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

प्रोजेक्टचे विषय ठरवायचे दिवस दरवर्षी घाईत जातात. गट पडतात, गाइड वाटले जातात आणि विषयांची यादी मागच्या वर्षीच्या यादीवरून तयार होते. यंदा ती यादी पक्की व्हायच्या आत एक विषय आपल्यापुढे ठेवावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीवर थुनार नावाचा एक फाइल मॅनेजर, म्हणजे फायली पाहायचा आणि शोधायचा प्रोग्राम, आहे. त्याच्यासाठी एक प्लगिन, म्हणजे त्याला जोडायचा छोटा पूरक प्रोग्राम, लिहावे. फाइलचे नाव मराठीत असो, कन्नडमध्ये असो की इंग्रजी स्पेलिंगमध्ये, शोधणाऱ्याने या तिन्हींपैकी कसेही टाइप केले तरी ती फाइल सापडली पाहिजे. शिवाय वेडीवाकडी टाइप झालेली नावे एकगठ्ठा दुरुस्त करता आली पाहिजेत. काम पहिल्या ओळीपासून ओपन सोर्स असावे, सगळ्यांना दिसेल असे व्हावे आणि वर्ष संपल्यावर पुढच्या तुकडीच्या हाती जावे.

मी खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाचा संगणक सांभाळतो. त्यात गावाच्या आणि आसपासच्या वस्तीच्या कागदपत्रांचे स्कॅन आहेत: कडोली, उचगाव, येळ्ळूर इथल्या साहित्य संमेलनांच्या स्मरणिका, शाळांची हस्तलिखिते, सोसायटीचे जुने अहवाल, देवस्थानाच्या वह्या. स्कॅन करणारी मुले दरवर्षी बदलली. कोणी मराठीत नाव दिले, कोणी मोबाइलवर इंग्रजी स्पेलिंग टाकले. ज्यांचे शिक्षण कन्नड माध्यमात झाले त्यांनी कन्नडमध्ये लिहिले. सरकारी कचेरीतून आलेली फाइल अर्थातच कन्नड नावाने आली. कोणाचेच चुकले नाही. आपल्या भागात घरात एक भाषा, कचेरीत दुसरी आणि कॉलेजात तिसरी, हे रोजचे आहे. संगणकाला मात्र या तिघींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे ठाऊकच नाही. वाचक येतो, निपाणीबद्दल काही आहे का विचारतो, आणि आम्ही एकच नाव वेगवेगळ्या तऱ्हेने टाइप करत बसतो.

हा प्रश्न फक्त वाचनालयाचा नाही. उद्यमबागेतल्या छोट्या वर्कशॉपात ड्रॉइंगच्या फायली अशाच पडून असतात. वकिलांच्या ऑफिसात तर एकाच पक्षकाराचे नाव तिन्ही लिप्यांत असते, कारण अर्ज एका भाषेत, उतारा दुसऱ्या भाषेत आणि नोटीस तिसऱ्या भाषेत.

आधी फक्त मराठीचे पाहू. तिथेच किती गुंता आहे हे विद्यार्थ्यांनी स्वतः करून बघावे. एका शाळेच्या हस्तलिखिताच्या फाइलचे नाव होते ‘खानापूरच्या दऱ्याखोऱ्या’. फाइल पडद्यावर समोर दिसत होती. शोधच्या चौकटीत ‘दऱ्या’ टाइप केले तर उत्तर आले, काही सापडले नाही. कारण असे की दऱ्यामधला तो अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, दोन वेगळ्या रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलंत. दुसऱ्या रीतीत साधा र, हलंत आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. नुसते युनिकोड नॉर्मलायझेशन (समान रूपे एका रूपात आणायची युनिकोडची ठरलेली रीत) लावून हे सुटत नाही. ऱ हे अक्षर एकसंध लिहिले किंवा र आणि नुक्ता असे तोडून लिहिले तर नॉर्मलायझेशन त्यांना एक मानते, पण अदृश्य जोडचिन्हाची रीत त्याच्या नियमांत बसत नाही. आमच्या फायलींत दोन्ही रीती आहेत, कारण फोन वेगळे आणि कीबोर्ड वेगळे.

ॲचेही तसेच. ॲडव्होकेटचा ॲ २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत स्वतंत्र अक्षर म्हणून आला. त्याआधी अ लिहून त्यावर चंद्र द्यावा लागे, आणि आजही कित्येक कीबोर्ड तेच करतात. दिसायला एकच, आतून दोन. युनिकोड त्यांना समान मानत नाही. वकिलांच्या नावाआधी ‘ॲड.’ लावलेल्या सगळ्या फायली या एका कारणाने दोन गटांत विभागल्या जातात.

मग अनुस्वार. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांवर ‘बेळगांव’ असते. स्कॅन करणारा प्रामाणिक मुलगा मुखपृष्ठावर आहे तसेच नाव टाइप करतो. शोधणारा मात्र ‘बेळगाव’ लिहितो. इथे अनुस्वार सरसकट काढून टाकणेही बरे नाही, कारण ‘खत’ आणि ‘खंत’ एक नव्हेत. म्हणून अचूक जुळणारे नाव वर आणि अनुस्वाराचा फरक असलेले खाली, अशी प्रतवारी लागेल. नेमका किती फरक चालवून घ्यायचा हे ठरवणे, हाच या प्रोजेक्टमधला विचार करायला लावणारा भाग आहे.

आता कन्नड. इथे विद्यार्थ्यांना आनंद होईल अशी एक गोष्ट आहे. भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की या मानकाच्या १९८८ सालच्या आवृत्तीत सगळ्या लिप्यांतली एकाच उच्चाराची अक्षरे एकाच जागी बसवली होती. युनिकोडने ती मांडणी उचलली. त्यामुळे देवनागरी क चा क्रमांक २३२५ आहे आणि कन्नड क चा ३२२१. फरक ८९६. देवनागरी ळ २३५५, कन्नड ळ ३२५१. फरक पुन्हा ८९६. कन्नड अक्षराच्या क्रमांकातून ८९६ वजा केले की जवळजवळ प्रत्येक वेळी देवनागरी अक्षर हाती येते. दोन ओळींचा प्रोग्राम झाला.

पण त्या दोन ओळींनी काम भागत नाही आणि खरा प्रोजेक्ट तिथून पुढे सुरू होतो. कन्नडमध्ये लिहिलेल्या निपाणीतून ८९६ वजा केले तर हाती येते ‘निप्पाणि’. चिकोडीचे होते ‘चिक्कोडि’. खानापूरचे ‘खानापुर’, अथणीचे ‘अथणि’. कन्नडला जोडाक्षर हवे असते तिथे मराठी एकेरी लिहिते. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायची रीत आहे, कन्नडमध्ये तो ऱ्हस्व असतो. शिवाय कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगवेगळे रूप आहे. बेळगावी या बेळगावच्या कन्नड नावातला बे ऱ्हस्व आहे. वजाबाकी केल्यावर तो देवनागरीतल्या अशा एका मात्रेवर जाऊन बसतो जी मराठी माणूस कधी वापरत नाही. म्हणून तुलनेसाठी दोन्ही बाजूंची नावे एका सामाईक सांगाड्यावर आणावी लागतील: दुहेरी व्यंजन एकेरी करायचे, ऱ्हस्व-दीर्घ एक मानायचे, ऱ्हस्व ए आणि ओ दीर्घात मिळवायचे. एवढ्या तीन नियमांत निपाणी, चिकोडी, अथणी, हुक्केरी, खानापूर ही सगळी जुळतात.

सौंदत्ती जुळत नाही. कन्नडमध्ये ती ‘सवदत्ति’ आहे, आणि कोणताही साधा नियम सवचे सौं करून देणार नाही. अशा नावांसाठी हाताने केलेली यादी लागेल. २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगाव शहराचे सरकारी नाव बदलून बेळगावी झाले, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगही जुने आणि नवे अशी दोन झाली. तीही यादीतच जातील. गावांच्या नावांची ही यादी करायला कोणता मोठा कंपनीवाला येणार नाही. ती आपल्या मुलांनाच करता येईल, कारण दोन्ही बाजूंचे उच्चार त्यांच्या कानावर लहानपणापासून आहेत.

पुण्या-मुंबईचा हुशार विद्यार्थी कन्नड नाव वाचू शकत नाही. बंगळूरच्या विद्यार्थ्याला मराठीतल्या अर्ध्या र ची अडचण कधी भेटलेली नसते. आपल्या वर्गात मात्र एका बाकावर बसलेली दोन मुले मिळून हे सगळे जाणतात. या प्रोजेक्टच्या गटात मराठी आणि कन्नड घरातली मुले एकत्र असावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कन्नड नावे शोधणाऱ्याला याचा तितकाच उपयोग आहे, आणि नियम दोन्ही बाजूंनी तपासले गेले नाहीत तर ते एकाच बाजूला झुकतील.

भाषा जाणणाऱ्यानेच हे लिहायला हवे, त्याचे आणखी एक कारण सांगतो. युरोपातल्या भाषांसाठी शोध लिहिणारे प्रोग्रामर एक नेहमीची युक्ती वापरतात. अक्षरावरची सगळी चिन्हे पुसायची आणि मग तुलना करायची. फ्रेंचमध्ये त्याने काही बिघडत नाही. पण युनिकोडच्या वर्गवारीत आपली काना, मात्रा, वेलांटी, उकार हे सगळे त्याच ‘मार्क’ नावाच्या वर्गात येतात. ती युक्ती मराठीवर चालवली की केली, काली आणि कुली तिन्हींचे ‘कल’ होते. दुसरे उदाहरण एसक्यूलाइटचे. हा छोटा डेटाबेस फायलींची सूची ठेवायला अगदी योग्य आहे आणि विद्यार्थी तोच निवडतील. त्यातल्या एफटीएस५ या शोधयंत्रणेचा युनिकोड६१ नावाचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) मूळ सेटिंगमध्ये फक्त अक्षरे आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. मात्रा आली की शब्द संपला. ‘बेळगाव’ त्यात घातले तर ब, ळग आणि व असे तीन तुकडे पडतात. सेटिंगमध्ये मार्कचे वर्ग जोडले की हे बरे होते, अदृश्य जोडचिन्हाची वेगळी सोय करावी लागते. पण मुळात तुकडे पडत आहेत हे कळायला समोर मराठी नाव टाकून बघणारा माणूस हवा.

नावे दुरुस्त करण्याच्या भागाबद्दल आता. लिनक्सच्या नेहमीच्या एक्सटी४ फाइलसिस्टिममध्ये (डिस्कवर फायली ठेवायच्या व्यवस्थेत) फाइलचे नाव २५५ बाइटपर्यंतच असू शकते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवायच्या रीतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, मात्रा, हलंत हे प्रत्येकी वेगळे चिन्ह. ‘उचगाव मराठी साहित्य संमेलन स्मरणिका’ हे वाचायला १८ अक्षरांचे नाव आहे. डिस्कवर त्याचे ९७ बाइट होतात. त्यापुढे वर्ष, संपादक आणि प्रकाशकाचे नाव जोडले की मर्यादा आलीच. विंडोजवर ही मर्यादा बाइटमध्ये मोजली जात नाही, त्यामुळे तिथे सुखाने राहिलेली लांब मराठी नावाची फाइल लिनक्सवर कॉपी करताना ‘नाव फार लांब आहे’ म्हणून अडते. बिचारा वापरणारा अक्षरे मोजतो आणि त्याला काहीच लांब दिसत नाही. म्हणून नाव बदलण्याच्या खिडकीत किती जागा उरली ते दाखवणारा आकडा हवा, आणि नाव छाटायचे झाले तर जोडाक्षराच्या मधून न छाटता पूर्ण अक्षरावर छाटले जायला हवे.

थुनारमध्ये अनेक फायली निवडून एफ२ दाबले की एकगठ्ठा नावे बदलण्याची खिडकी उघडते. या खिडकीत स्वतःची रीत जोडण्यासाठी प्लगिनला अधिकृत दार आहे. तिथे ‘मराठी नाव नीट करा’ अशी एक रीत बसवता येईल. तिने अदृश्य जोडचिन्हाचा र सरळ करावा, अ वरचा चंद्र ॲ मध्ये बदलावा. बदलण्याआधी जुने आणि नवे नाव शेजारी शेजारी दिसावे. जुने नाव एका नोंदवहीच्या फाइलमध्ये राहावे, म्हणजे कोणाला परत हवे असेल तर मिळेल. स्मरणिकांच्या क्रमवार अंकांचाही एक छोटा प्रश्न आहे. थुनार आणि नोम डेस्कटॉपचा फाइल मॅनेजर नॉटिलस ज्या जीलिब लायब्ररीवर (तयार कोडच्या संचावर) उभे आहेत, तिला इंग्रजी आकड्यांतले २ हे १० च्या आधी येतात हे कळते, देवनागरी आकड्यांचे कळत नाही. त्यामुळे अंक १, १०, ११, २ अशा क्रमाने लागतात. ही दुरुस्ती थेट जीलिबकडे पाठवण्यासारखी आहे.

कोणी विचारेल, फायलींना टॅग का लावत नाही? केडीई या डेस्कटॉपच्या डॉल्फिन फाइल मॅनेजरमध्ये टॅगची सोय आहे आणि ती चांगली आहे. पण ते टॅग फाइलसिस्टिमच्या जादा गुणधर्मांत साठवले जातात, आणि फाइल नेहमीच्या पेनड्राइव्हवर गेली की गळून पडतात. आमच्याकडच्या फायली पेनड्राइव्हवरूनच गावोगाव फिरतात. सोबत टिकते ते फक्त नाव.

थुनारच का, याचे कारण व्यवहारातले आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाचनालये, शाळा, छोटी दुकाने यांच्याकडचे जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. नवे घ्यायला पैसे नाहीत. अशा यंत्रांवर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप नीट चालतो आणि थुनार हा त्याचाच फाइल मॅनेजर. २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या ४.१८ आवृत्तीपासून त्यात आतल्या फोल्डरांतही शोध घेता येतो. म्हणजे पाया तयार आहे.

तरीही विद्यार्थ्यांनी सगळे काम थुनारच्या प्लगिनमध्ये कोंबू नये. नावांची तुलना करणारा भाग स्वतंत्र लायब्ररी म्हणून लिहावा, फाइल मॅनेजरचे काही माहीत नसलेला. प्लगिन म्हणजे त्यावर चढवलेला पातळ थर. २०२२ साली नॉटिलसची ४३ वी आवृत्ती जीटीके४ या खिडक्या-बटणे काढणाऱ्या नव्या लायब्ररीवर गेली तेव्हा प्लगिनसाठीची व्यवस्था बदलली आणि जुनी प्लगिन्स चालेनाशी झाली. ज्यांनी सगळे एकाच ठिकाणी लिहिले होते त्यांना पुन्हा लिहावे लागले. तुलनेचा भाग वेगळा असेल तर उद्या तोच डॉल्फिनला, लिनक्स मिंटच्या निमोला, अगदी एखाद्या वाचनालयाच्या वेबसाइटलाही जोडता येईल.

सुरुवात अवघड नाही. थुनारच्या ‘कस्टम ॲक्शन’मध्ये उजव्या क्लिकच्या मेनूत आपला प्रोग्राम बसवता येतो, त्यासाठी थुनारचा कोड उघडावाही लागत नाही. पायथनमध्ये तुलना लिहून पहिल्या काही आठवड्यांत वाचनालयात वापरण्याजोगे काहीतरी उभे राहील. मग थुनारएक्स या अधिकृत मांडणीतून प्लगिन. थुनारएक्समधून मेनू, गुणधर्मांचे पान आणि नावबदल यांना जोड देता येते, मूळ शोधाची चौकट मात्र बदलता येत नाही. ती बदलायची तर थुनारच्याच सी भाषेतल्या कोडमध्ये हात घालून तो बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवावा लागेल. वर्षाच्या शेवटी एखादा गट तिथपर्यंत पोहोचला तर ती मोठी कमाई असेल.

आता गाइड सर-मॅडमना थोडे मोकळेपणाने सांगतो. हा विषय परीक्षकांना लहान वाटेल, यात एआय कुठे आहे असे विचारले जाईल, ही भीती मला अनेक विद्यार्थ्यांनी बोलून दाखवली आहे. मोजमाप हवे असेल तर ते इथे भरपूर आहे. नावांच्या जोड्यांचा एक संच तयार करा, किती बरोबर सापडल्या आणि किती चुकीच्या आल्या ते मोजा, प्रत्येक नियमाने त्यात काय फरक पडला ते दाखवा. आयआयटी मद्रासच्या एआय४भारत गटाने रोमन लिपीतून भारतीय लिप्यांत नेणारे इंडिकएक्सलिट हे मॉडेल मोकळे केले आहे. हाताने लिहिलेले नियम आणि ते मॉडेल यांची आपल्या गावांच्या नावांवर तुलना करा. जुन्या संगणकावर कोण किती वेळ घेते तेही मोजा. यावर चांगला पेपर होतो.

दुसरी गोष्ट बोलताना वाईट वाटते. तयार प्रोजेक्ट विकत मिळतात, हे आपल्यापैकी सगळ्यांना माहीत आहे. रिपोर्ट, पीपीटी, कोड, सगळे एकत्र. मुले ते आळसाने घेतात असे मला वाटत नाही. आपण लिहिलेले कोणीच वापरणार नाही, रिपोर्ट कपाटात जाणार, हे त्यांना पहिल्या दिवसापासून दिसत असते. समोर वाट पाहणारा माणूस असेल तर मुले वेगळ्या रीतीने काम करतात. गावात नवरात्राचा मांडव घालायला हीच मुले रात्रभर राबतात.

ओपन सोर्समध्ये कोड कोणी, कधी, का लिहिला याची प्रत्येक ओळीला नोंद राहते. त्यामुळे मूल्यमापनही सोपे होते. विभागाकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. गिट या कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातला इतिहास आणि मूळ प्रकल्पाच्या सांभाळकर्त्यांशी झालेली चर्चा यांना रिपोर्टइतकेच गुण द्यावेत. थुनारला चालणाऱ्या जीपीएल या ओपन सोर्स परवान्याखाली काम प्रसिद्ध करायला कॉलेजने लेखी परवानगी द्यावी, म्हणजे पुढे मालकीचा वाद उठणार नाही. आणि एक तुकडी गेली की दुसऱ्या तुकडीने तेच काम पुढे न्यायला ‘रिपीट टॉपिक’ म्हणून नकार देऊ नये. या तिसऱ्या गोष्टीवर बाकी सगळे उभे आहे. प्लगिन एकदा लिहून सोडून दिले की दोन-तीन वर्षांत ते मरते.

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावात आहे. अशा कामाची रीत इथे पडली तर राज्यभरच्या कॉलेजांना ती घेता येईल.

मुलांनो, तुम्हालाही एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मूळ प्रकल्पाचे सांभाळकर्ते बहुतेक स्वयंसेवक असतात. तुमच्या पॅचला (पाठवलेल्या कोड-बदलाला) उत्तर यायला दिवस लागतील, कधी आठवडे. आले तर त्यात वीस दुरुस्त्या असतील: ओळीतली मोकळी जागा, फंक्शनचे नाव, चाचणी का नाही. तो अपमान समजू नका. इतक्या बारकाईने तुमचा कोड वाचणारा माणूस नोकरीतही सहज मिळत नाही. इंग्रजी साधे लिहिले तरी चालते, पण प्रश्न नेमका लिहा. मराठी न येणाऱ्या माणसाला अर्ध्या र ची अडचण समजावून सांगता आली, तर तुम्हाला ती खरोखर समजली.

इथे केलेले काम पुढे दारही उघडते. गुगल समर ऑफ कोड हा ओपन सोर्स प्रकल्पांत मानधनावर काम करण्याचा कार्यक्रम २००५ पासून चालू आहे. २०२२ पासून ते फक्त विद्यार्थ्यांपुरते राहिलेले नाही आणि त्यात आता ९०, १७५ व ३५० तासांचे प्रकल्प असतात. नोम आणि केडीई या दोन्ही संस्था त्यात अनेक वर्षे आहेत. निवड करताना अर्जातल्या शब्दांपेक्षा आधी पाठवलेले पॅच बघितले जातात. केरळात स्वतंत्र मल्याळम कंप्युटिंग हा गट २००२ पासून हेच करत आला. मीरा, रचना, मंजरी हे फॉन्ट आणि मल्याळमची कितीतरी साधने त्यांनी जोपासली, आणि समर ऑफ कोडमध्ये ते स्वतः मेंटर संस्था झाले. मल्याळम मुलांना जे जमले ते आपल्या मुलांना न जमण्याचे कारण नाही.

माझ्याकडून काय मिळेल ते लिहितो. आमच्या फायलींच्या नावांची यादी मी देईन, नुसती नावे. उतारे, दाखले, पक्षकारांचे कागद असलेली नावे त्यातून आधी काढलेली असतील. कोणाचे खासगी कागद विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर जाऊ नयेत, याबाबत मी तडजोड करणार नाही. जी नावे शोधून सापडत नाहीत त्यांची वेगळी यादी असेल, प्रत्येकापुढे वाचकाने काय टाइप केले होते ते लिहून. वाचनालयाचा संगणक चाचणीसाठी उपलब्ध राहील. संध्याकाळी वाचक येतात तेव्हा मुलांनी शेजारी बसून ते कसे शोधतात ते पाहावे. सत्तरीच्या वाचकाला मेनूतला शब्द कळत नसेल तर तो शब्द बदलावा लागेल.

विभागप्रमुखांनी आपल्या कॉलेजातून चार-पाच विद्यार्थ्यांचा एक गट आणि एक गाइड यांची नावे विषयांची यादी लागण्यापूर्वी ठरवावीत. पहिल्या बैठकीला येण्याआधी गटाने तीन गोष्टी करून आणाव्यात. थुनारचा सोर्स उतरवून आपल्या यंत्रावर बिल्ड करावा. ‘दऱ्या’ हा शब्द दोन्ही रीतींनी टाइप करून त्या नावांच्या दोन फायली एकाच फोल्डरमध्ये बनवाव्यात आणि शोधून पाहाव्यात. आणि आपापल्या गावाचे नाव मराठी, कन्नड व इंग्रजीत घरचे लोक जितक्या तऱ्हांनी लिहितात तितक्या तऱ्हांनी लिहून आणावे, आजी-आजोबांना विचारून. गावांच्या नावांच्या यादीची सुरुवात त्यातूनच करू.

आपला विश्वासू,
खानापूर तालुक्यातल्या एका गाव-वाचनालयाचा कार्यकर्ता